गुलाबाची शेंडेमर आणि आपली कात्री

पिंपरी-चिंचवडमधल्या एखाद्या गच्चीवर किंवा बंगल्यापुढच्या वाफ्यात गुलाब वाळायला लागला, की आरोपी ठरलेलेच असतात. भोसरीचा धूर, टँकरचे खारे पाणी, रोपवाटिकेने गळ्यात मारलेले कलम. आणि यांपैकी काहीच पटले नाही तर ‘इथल्या हवेत गुलाब टिकतच नाही’ हा शेवटचा निकाल. मग दुकानातून एखादी पुडी येते, चमचाभर पावडर बादलीत कालवून झाडाला न्हाऊ घातले जाते, आठवडाभराने आणखी एक फांदी काळी पडते आणि निकालावर शिक्कामोर्तब होते. या निकालाला एकच अडचण आहे. निगडीपासून तासाभराच्या अंतरात, तळेगावच्या एमआयडीसीतल्या फ्लोरिकल्चर पार्कमधून आणि पवन मावळातल्या हरितगृहांतून दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस व्हॅलेंटाइन डेसाठी गुलाब देशभर आणि परदेशी रवाना होतात. हरितगृहाची गोष्ट वेगळी, असे कोणी म्हणेल. ती वेगळी आहेच, पण कशामुळे वेगळी आहे हे पाहिले की आपल्या कुंडीतल्या दुखण्याचे मूळ सापडते. त्याकडे पुढे येऊच. आधी मुद्दा स्पष्ट मांडतो. आपल्या भागातल्या बागेतल्या गुलाबाचा सर्वांत घातक रोग म्हणजे शेंडेमर, बागकाम करणाऱ्यांच्या तोंडचा ‘डायबॅक’. हा बुरशीचा रोग आहे, पण त्याचा निकाल बुरशीनाशकाच्या पुडीवर लागत नाही. फांदीला जखम कशी आणि कधी झाली, आणि ती जखम आतून बंद करण्याइतके त्राण झाडात उरले होते का, यावर तो लागतो.

रोग ओळखायचा तो फांदी हातात धरून, लांबून नव्हे. बहुतेक वेळा सुरुवात होते ती फूल तोडलेल्या किंवा छाटलेल्या टोकापासून. टोक आधी तपकिरी, मग काळपट होते आणि तो रंग थोडा थोडा करत खाली उतरतो. मेलेल्या आणि जिवंत भागाच्या मध्ये पुष्कळदा जांभळट कडा दिसते. तिच्या खाली साल हिरवी आणि ताठ, वर सुरकुतलेली. मेलेल्या सालीवर भिंग धरले, किंवा नुसते नख फिरवले, तरी टाचणीच्या टोकाएवढे काळे उंचवटे लागतात. ही बुरशीची बीजाणू तयार करण्याची ठिकाणे. फांदी भिजली की त्यांतून बीजाणू बाहेर येतात आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या फांदीवर जातात. भारतात या रोगाशी डिप्लोडिया, लॅसिओडिप्लोडिया आणि कोलेटोट्रायकम या बुरशींची नावे जोडली जातात. यांतली लॅसिओडिप्लोडिया आंब्याच्याही फांद्या वाळवते, म्हणजे ती गुलाबावर डूख धरून आलेली नाही, आसपास असतेच. आता सिकेटर घेऊन काळ्या भागात आडवा काप घ्यावा. आतला गाभा गडद तपकिरी निघेल. जांभळ्या कडेच्या बोटभर खाली दुसरा काप घ्यावा: इथे साल चांगली हिरवी असते, पण गाभ्यात चहाच्या रंगाचा डाग असतो. आणखी खाली जात राहिले की डाग एका बाजूला आक्रसतो आणि शेवटी गाभा स्वच्छ पांढरा लागतो, भोवती हिरवट ओले कडे. ही तपासणी करायला दोन मिनिटे लागतात. तिच्यातून कळते ते असे, की बुरशी डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. काळे संपते तिथेच कापणारा माणूस रोगाचा पुढचा तुकडा झाडातच ठेवतो, आणि मग ‘कापले तरी परत आले’ म्हणतो.

फांदी वाळली म्हणजे शेंडेमरच असेही नाही. शेंडेमर एकेका फांदीवर, वरून खाली येते. सगळे झाड एकदम माना टाकत असेल तर दुखणे मुळाशी आहे: तुंबलेले पाणी, कुजलेली मुळे, नाहीतर मुरमाड जमिनीत हटकून येणारी वाळवी. कापलेल्या फांदीचा गाभा पोकळ असेल आणि आत भुसा असेल तर ते खोडकिडीचे काम. फांदीच्या बुडाशी पांढुरके किंवा तांबूस खवले चिकटलेले असतील आणि नखाने खरवडल्यावर निघत असतील तर ती खवले कीड. पानांच्या कडा करपल्या पण फांदी हिरवी आहे, तर पाण्यातले क्षार बघावेत. कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर लोहाची कमतरता. आणि एक गोष्ट जाता जाता: मोबाइलवर अमेरिकेतल्या ‘रोझ रोझेट’ रोगाचे व्हिडिओ पाहून घाबरणारे लोक हल्ली भेटतात. कोळ्याच्या जातीच्या सूक्ष्म किडीमुळे पसरणाऱ्या त्या विषाणूने तिकडे खरोखरच उच्छाद मांडला आहे. पण लाल कोवळी फूट ही गुलाबाची नेहमीचीच रीत आहे. ती पुढे हिरवी होते. केरसुणीसारखे दाट, वेडेवाकडे, काट्यांनी भरलेले झुबके आले तरच शंका घ्यावी, लाल पालवीवर नव्हे.

आता मूळ प्रश्न. बुरशी सगळीकडे असते, तर एकाच वाफ्यातली दोन झाडे वाळतात आणि तिसरे का तरते? याचे उत्तर झाडाच्या जखमेत आहे. आपली कातडी कापली तर तिथे नवी कातडी येते. झाडाचे तसे नसते. कापलेला भाग झाड पुन्हा घडवत नाही. तो जिवंत भागापासून अलग करते. जखमेच्या आत पेशी आपल्या भिंती जाड करतात, रसवाहिन्या बुजवतात, बुरशीला मारक अशी द्रव्ये त्या पट्ट्यात साठवतात. अमेरिकेच्या वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने हजारो झाडे उभी-आडवी चिरून ही गोष्ट दाखवून दिली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वृक्षछाटणीचे शास्त्रच बदलले. त्याचे काम मोठ्या वृक्षांवरचे होते, पण तत्त्व गुलाबाच्या बोटभर फांदीलाही लागू पडते. जखम झाली की एक शर्यत सुरू होते: झाड आतून भिंत घालते आहे आणि बुरशी ती पुरी होण्याआधी आत घुसू पाहते आहे. भिंतीला लागणारे साहित्य म्हणजे फांदीतले साठवलेले अन्न, आणि ते येते पानांतून. पाने भरपूर, हवा कोरडी, काप स्वच्छ, तर भिंत आधी पुरी होते आणि टोकाचे दोन-चार मिलिमीटर वाळून गोष्ट तिथेच थांबते. पाने गळलेली, फांदी ओली, काप चेचलेला, तर बुरशीला रान मोकळे. शेंडेमर अशक्त झाडाला धरते असे जुने माळी म्हणत आले, त्याचे कारण हे.

म्हणून शेंडेमरीची कहाणी फांदीवर सुरू होत नाही, पानांवर सुरू होते. आणि आपल्याकडे ती जुलैत सुरू होते. पावसाळ्यात गुलाबाच्या पानांवर काळे, झालरीसारख्या कडेचे ठिपके पडतात, भोवतीचे पान पिवळे होते आणि गळते. हा डिप्लोकार्पॉन नावाच्या बुरशीचा रोग. तो इतका सर्रास आहे की कोणी त्याला गंभीर मानत नाही. पावसाळ्यात गुलाब ‘खराटा होतो’ आणि दिवाळीनंतर सुधारतो, असे गृहीतच धरलेले असते. या बुरशीच्या बीजाणूला पानात शिरायला पान सलग सातेक तास ओले लागते आणि तिला सर्वांत मानवते ते विशीतले तापमान. पुण्याच्या परिसरात जुलै-ऑगस्टमध्ये पारा दिवसा २८ आणि रात्री २२ अंशांच्या आसपास असतो, आणि रिमझिम थांबली तरी पाने रात्रभर वाळत नाहीत. बुरशीला याहून सोयीची व्यवस्था हवामानखातेही करून देऊ शकले नसते. खालची पाने आधी जातात, मग मधली. ऑगस्टअखेर फांद्यांच्या टोकाशी चार पाने उरतात. झाड जगलेले असते, पण जवळचे अन्न खर्चून. नेमक्या याच अवस्थेत, याच ओल्या दिवसांत, आपण श्रावणात देवासाठी फुले तोडत असतो आणि गणपतीच्या आधी ‘जरा नीटनेटके दिसावे’ म्हणून फांद्या कापत असतो. एकीकडे अन्न संपलेले झाड, दुसरीकडे ताज्या ओल्या जखमा. पुढचे सांगायला नको. पिवळ्या गुलाबांत हे आणखी लवकर होते, त्याला इतिहास आहे. फ्रान्समधल्या लियॉनच्या पेर्ने-द्युशे याने १९०० साली ‘सोलेय दॉर’ ही जात बाजारात आणली, ती इराणकडच्या रोझा फेटिडा या पिवळ्या रानगुलाबाच्या संकरातून. आजच्या बागेतले बहुतेक गडद पिवळे आणि नारिंगी गुलाब त्या वंशाचे. रंगाबरोबर काळ्या ठिपक्यांना आणि शेंडेमरीला लवकर बळी पडण्याची खोडही त्यांच्याकडे तिथूनच आली.

यावर इथल्या माणसाचा पहिला आक्षेप हवेचा असणार, आणि तो स्वाभाविक आहे. चाकणच्या रस्त्यावरून दिवसभर कंटेनर धावतात, मोशी-चिखलीत बांधकामे थांबत नाहीत. अशा हवेत झाड आजारी पडणारच, नाही का? पण पुरावा भलतीकडेच बोट दाखवतो. ब्रिटनमधल्या कोळशाच्या धुराने काळवंडलेल्या औद्योगिक शहरांत एके काळी गुलाबावर काळे ठिपके जवळजवळ दिसतच नसत. गावाकडच्या स्वच्छ हवेतले बागप्रेमी मात्र त्यांनी हैराण असत. कारण धुरातला सल्फर डायऑक्साइड. द्राक्षाच्या भुरीवर गंधक मारतात त्याच जातीचा हा परिणाम, फक्त फुकटात आणि चोवीस तास. १९५६च्या ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’नंतर तिथली हवा सुधारत गेली आणि काळे ठिपके शहरांत परतले. १९६६ साली सॉन्डर्स या संशोधकाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसले, की घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक सल्फर डायऑक्साइड असलेल्या भागांत हा रोग दबलेला राहतो. भारतातली वार्षिक मर्यादाच ५० मायक्रोग्रॅम आहे आणि पुणे-पिंपरीची हवा या एका बाबतीत तिच्याही बरीच खाली असते. आपली खरी तक्रार धुळीची आणि सूक्ष्म कणांची. म्हणजे कारखान्यांच्या धुराने रोग आणला, हे म्हणणे टिकत नाही. उलट पूर्वीच्या युरोपातला खरा विषारी धूर असता तर ठिपके कमी झाले असते, फुप्फुसांचे काय झाले असते ते सोडा. धूळ मात्र नुकसान करते. पानावर थर बसला की प्रकाश कमी पोचतो आणि अन्न कमी तयार होते. म्हणजे प्रदूषणाचा वाटाही शेवटी पानांच्या वाटेनेच येतो. त्यावर उपाय साधा आहे: कोरड्या दिवसांत सकाळी पाने धुवावीत, म्हणजे ऊन चढेपर्यंत वाळतील. संध्याकाळी धुऊ नयेत; तो काळ्या ठिपक्यांसाठी कृत्रिम पावसाळा होतो.

पाण्याबद्दलचा आक्षेप जास्त वजनदार आहे. नोव्हेंबर २०१९पासून पिंपरी-चिंचवडमध्ये एक दिवसाआड पाणी येते, आणि याचा बागेवर झालेला परिणाम मोठा गमतीचा आहे: टंचाईने जितके गुलाब मेले नसतील तितके पाणी येण्याच्या दिवशी मरतात. उद्या नाही म्हणून आज दुप्पट घातले जाते, कुंडीखालची बशी भरून राहते आणि मुळे गुदमरतात. नव्या सोसायट्यांत बोअरवेलचे, टँकरचे किंवा सांडपाणी शुद्ध करून बागेला दिलेले पाणी वापरतात. त्यातले क्षार कुंडीच्या कडेला पांढऱ्या पापुद्र्यासारखे साचतात. गुलाबाला किंचित आम्लधर्मी ते उदासीन माती मानवते. सोसायटीच्या वाफ्यात दोन इंच लाल मातीखाली बिल्डरचा राडारोडा असतो, आणि त्यातला चुना-सिमेंट मातीला नेमके उलट्या दिशेने नेतो. आणखी एक छुपे दुखणे रोपाबरोबरच येते. बाहेरगावच्या रोपवाटिकांतून येणारी पुष्कळ कलमे चिकट मातीच्या घट्ट गोळ्यात बसवलेली असतात. पिशवी फाडून तो गोळा तसाच कुंडीत ठेवला, की भोवतीची माती ओली आणि आतला गोळा दगडासारखा कोरडा, किंवा याच्या उलट. लावण्याआधी गोळा पाण्यात भिजवून बाहेरची माती हलक्या हाताने सोडवावी. हे सगळे खरे दोष आहेत, मान्य. पण यांतला एकही दोष फांदी काळी करत नाही. ते झाडाला अर्धपोटी ठेवतात आणि भिंत घालण्याचे काम रेंगाळते. म्हणून ज्याचे पाणी खारे आहे त्याने कात्रीच्या बाबतीत इतरांहून जास्त काटेकोर राहायला हवे. पाण्याला दोष देऊन सुटका नाही. पावसाचे पाणी साठवून किंवा अधूनमधून चांगले पाणी कुंडीच्या तळातून वाहून जाईपर्यंत घालून क्षार कमी करता येतात. अशक्त झाडाला युरियाचा डोस देऊन उभारी आणण्याचा मोह टाळावा. येणारी फूट लुसलुशीत असते आणि बुरशीला तीच आवडते.

मग जखमा कुठून येतात? मोठी छाटणी वर्षातून एकदोनदा होते. रोजची जखम होते ती सकाळी पूजेचे फूल तोडताना. देठ नखाने मोडला की साल खाली सोलली जाते, किंवा पिळून तोडल्याने टोक चेचते आणि वर एक बिनडोळ्याचा लांब खुंट उरतो. त्या खुंटाला रस ओढणारे पान नाही, फूट नाही. तो मरणारच, आणि मेलेले लाकूड हा बुरशीचा उंबरा. वर्षभरात एका झाडावर असे पन्नास उंबरे तयार होतात आणि आपण ऑक्टोबरच्या छाटणीची तेवढी काळजी करतो! फूल कात्रीनेच घ्यावे, पाच पर्णिका असलेल्या पानाच्या वर, बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाचसहा मिलिमीटर वरून, थोडा तिरपा काप देऊन. त्याहून वर कापले तर खुंट उरतो, त्याहून खाली गेले तर डोळाच दुखावतो. पाते धारदार हवे. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना ते स्पिरिटने पुसावे. सोसायटीच्या बागेत कुंपणाची मेंदी कापायच्या मोठ्या कात्रीनेच गुलाबही सपाट केले जातात. त्याला छाटणी म्हणण्यापेक्षा रोगाची पेरणी म्हणणे रास्त. मोठी छाटणी आपल्याकडे पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरात, कोरड्या उन्हाच्या दिवशी करण्याची जी पद्धत आहे ती या रोगाच्या दृष्टीने अचूक आहे: काप वाळतो, हवा कोरडी असते, नवी पाने लगेच येतात आणि साधारण पन्नास दिवसांत, थंडी पडता पडता, फुले येतात. पण पावसाळ्यातच फांदी काळी पडायला लागली तर ऑक्टोबरची वाट बघायची का? नाही. रोग मुहूर्त पाहत नाही. उघडीप मिळेल त्या दिवशी तेवढी फांदी कापावी, पांढरा गाभा लागेपर्यंत आणि त्याच्याही दोनतीन इंच खाली. बाकीच्या निरोगी फांद्यांना तेव्हा हात लावू नये.

इथे जाणकार मंडळींचा एक आक्षेप येतो: छाटणी कडक केल्याशिवाय गुलाब जोमदार फुटत नाही. निरोगी झाडाबाबत हे बरोबर आहे. प्रदर्शनात मोठी फुले न्यायची तर फांद्या गुडघ्याखाली आणतातच. पण जे झाड पावसाळ्यात खराटा झाले आहे त्याचे उरलेले अन्न त्या हिरव्या फांद्यांतच साठलेले असते. ते कापून टाकायचे आणि वर नव्या फुटीची अपेक्षा ठेवायची, हा हिशेब जमत नाही. अशा झाडाचे मेलेले सगळे काढावे, जिवंत मात्र जेमतेम तिसरा हिस्सा. फुले त्या हंगामात लहान येतील, येऊ द्यावीत.

कापावर काय लावायचे, हा बागप्रेमींचा आवडता वाद. जुनी पुस्तके चौबटिया पेस्टची शिफारस करतात. राणीखेतजवळच्या चौबटियाच्या फळसंशोधन केंद्रातून १९४०च्या दशकात आलेले हे मिश्रण: कॉपर कार्बोनेट, शेंदूर आणि जवसाचे कच्चे तेल. चिकट, टिकाऊ, पावसात न धुणारे. पण त्यातला शेंदूर म्हणजे शिशाचे संयुग. लहान मुले खेळतात त्या गच्चीवर ते आज कोणी वापरू नये. बोर्डो पेस्ट अधिक बरी. १८८५मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोच्या मियार्दे या प्राध्यापकाने द्राक्षाच्या केवड्यावर मोरचूद-चुन्याचे मिश्रण मांडले, तेव्हापासून तिला तोड नाही. घरच्यापुरती करायची तर १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, आणि मग दोन्ही एकत्र ढवळायचे. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे, लोखंडी नको. त्यात चाकूचे चकचकीत लोखंडी पाते क्षणभर बुडवावे. पात्यावर तांबूस थर चढला तर तांबे अजून मोकळे आहे, चुना वाढवावा, नाहीतर साल भाजेल. पेस्ट त्याच दिवशी वापरून संपवावी. एवढा खटाटोप नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइडची पावडर थोड्या पाण्यात दाट कालवून ब्रशने लावली तरी चालते. आता शिगोच्या कामाची माहिती असलेला वाचक अडवील: जखमेवर रंग फासून कूज थांबत नाही, असे त्याच माणसाने दाखवले ना? दाखवले, आणि म्हणूनच पेस्टकडून काय अपेक्षा ठेवायची ते नीट समजले पाहिजे. ती जखम भरत नाही. ओल्या हवेत पहिले काही दिवस कापावर पडणारे बीजाणू रुजू देत नाही, एवढेच तिचे काम. तेवढ्या सवडीत झाडाने आतली भिंत पुरी करायची. आत आधीच डाग असलेल्या कापावर पेस्ट लावणे म्हणजे चोर घरात असताना दाराला कुलूप घालणे. हळद, शेण, नखांचे पॉलिश यांच्या यशाच्या ज्या गोष्टी ऐकू येतात त्याही अशाच बघाव्यात. कोरड्या दिवशी, पांढऱ्या गाभ्यापर्यंत घेतलेला स्वच्छ काप काहीही न लावता बहुधा तरतोच. श्रेय हळदीला मिळते.

बुरशीविरुद्धच्या औषधांचे या शहराला वावडे नाही. १९५४मध्ये उभी राहिलेली पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पेनिसिलिनसाठी ओळखली जाते, पण १९६०च्या दशकात तिथल्याच प्रयोगशाळेतून थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन आणि ऑरिओफंजिन ही बुरशीनाशक प्रतिजैविके दिली. हॅमायसिन ज्या जिवाणूपासून मिळाले त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना, आणि ऑरिओफंजिन तर पिकांवरच्या रोगांसाठी वापरात आले. थिरुमलाचार मुळात वनस्पतिरोगतज्ज्ञ होते. तेव्हा औषधांना तुच्छ लेखण्याचा इथे हेतू नाही. मुद्दा क्रमाचा आहे. पावसाळ्यात काळे ठिपके दिसू लागताच, म्हणजे पाने वाचण्यासारखी असतानाच, मॅन्कोझेब किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला दोन-अडीच ग्रॅम या प्रमाणात, पाठीमागच्या बाजूनेही भिजेल अशा बेताने मारले तर त्याचा खरा उपयोग होतो, कारण त्याने पाने टिकतात. आंतरप्रवाही औषध हवेच असेल तर आलटून पालटून वापरावे. एकच औषध सारखे मारले की त्याला न जुमानणारी बुरशी उरते. हातमोजे, तोंडाला फडके, आणि पुडीवरच्या मजकुराचे पालन हे ओघाने आलेच. ज्या देशी गुलाबाच्या पाकळ्यांचा घरी गुलकंद होतो त्या झाडाकडे मात्र पंप घेऊन फिरकूच नये. फांदी काळी पडल्यावर मारलेले कोणतेही औषध मेलेल्या गाभ्यात पोचत नाही, कारण तिथे रसच वाहत नसतो.

राहिला मावळातल्या हरितगृहांचा प्रश्न. ‘ते आठवड्याला फवारे मारतात म्हणून त्यांचे गुलाब जगतात’ असे सर्रास बोलले जाते. फवारे ते मारतात, पण मुख्यतः भुरी, केवडा, लाल कोळी आणि फुलकिड्यांसाठी. शेंडेमर त्यांना तुलनेने कमी छळते याची कारणे छपराखाली डोकावले की दिसतात. पानावर पाऊस पडत नाही. पाणी ठिबकने थेट मुळाशी, रोज मोजून. फुले रोज धारदार कात्रीने ठरलेल्या उंचीवर कापली जातात, तोडली जात नाहीत. आणि सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे बेंडिंग: ज्या फांद्या फुलांच्या कामाच्या नाहीत त्या कापून न टाकता बाजूला वाकवून ठेवतात, कारण त्यांच्या पानांनी झाडाला खाऊ घालायचे असते. ज्याचे पोट गुलाबावर आहे तो शेतकरी एकही कामाचे पान वाया जाऊ देत नाही; आपण घरी ‘बारीक फांद्या ताकद खातात’ म्हणून आधी त्याच उडवतो. गच्चीवर हरितगृह बांधायची गरज नाही. कुंड्यांत हात जाईल इतके अंतर, सकाळचे ऊन, मुळाशी पाणी आणि वाकवता येईल ती बारीक फांदी वाकवून ठेवणे, एवढे कोणालाही जमते.

कापलेल्या फांद्या जाळून टाका, असे प्रत्येक पुस्तक सांगते. शहरात बागेचा कचरा उघड्यावर जाळायला घनकचरा नियमांनी मनाई आहे, आणि सोसायटीत तसे करून शेजाऱ्यांशी भांडण ओढवून घेण्यातही अर्थ नाही. रोगट फांद्या आणि ठिपक्यांची गळलेली पाने वेचून पिशवीत बांधून कचरागाडीत द्यावीत. घरच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू नयेत, कारण तो क्वचितच इतका तापतो की बीजाणू मरतील. काळेपणा कलमाच्या सांध्याखाली उतरला असेल तर झाड गेले असे समजावे. मग खालून जोमदार, काटेरी, बारीक पानांची फूट येते आणि घरात आनंद होतो. पण ती ज्यावर कलम बांधले त्या खुंटाची फूट असते, आपल्या गुलाबाची नव्हे. पानात सात पर्णिका दिसल्या तर संशय घ्यावा, जरी काही चांगल्या जातींतही त्या सापडतात. खात्री करायची ती फूट सांध्याच्या खालून निघाली आहे का, हे माती उकरून पाहून. अशा झाडाला मुळासकट काढावे आणि त्याच जागी दुसरा गुलाब लावायचाच असेल तर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यातली माती बदलावी. कुंडी असेल तर घासून धुऊन उन्हात ठेवावी. नवे रोप घेताना सगळ्यांचे लक्ष त्यावरच्या एका उमललेल्या फुलाकडे जाते. त्याऐवजी आधी फांद्यांची टोके पाहावीत, मग सांध्याजवळची साल. एखाद्या टोकाशी काळा खुंट असेल, तर फूल कितीही सुंदर असो, ते रोप तिथेच ठेवून शेजारचे उचलावे.